ब्राउझरचा बिघाड आणि घाईच्या उपायांची किंमत

दिनांक ४ मे २०१९, शनिवार. भारतीय वेळेनुसार पहाटेचे साडेपाच वाजले आणि त्यानंतरच्या काही तासांत जगभरातील फायरफॉक्स ब्राउझरमधील ॲड-ऑन, म्हणजे वापरकर्त्यांनी स्वतः बसवलेल्या पूरक आज्ञावल्या, एकामागून एक बंद पडू लागल्या. जाहिराती रोखणारी आज्ञावली गेली, परवलीचे शब्द सांभाळणारी गेली, अनोळखी संकेतस्थळांवरील धोकादायक मजकुरापासून संरक्षण देणारीही गेली. या आज्ञावल्यांची खातरजमा होऊ शकत नसल्याने त्या बंद करण्यात आल्या आहेत, एवढाच संदेश पडद्यावर झळकत होता. आदल्या रात्री सुरळीत चाललेला संगणक सकाळी असा वागू लागल्यावर बहुतेकांचा पहिला संशय स्वतःवरच गेला असल्यास नवल नाही.

प्रत्यक्षात वापरकर्त्यांनी काहीही चुकीचे केलेले नव्हते. फायरफॉक्सची निर्मिती करणाऱ्या मोझिला संस्थेने काही वर्षांपूर्वीच प्रत्येक ॲड-ऑनवर आपली डिजिटल स्वाक्षरी असणे बंधनकारक केले होते. फसव्या आज्ञावल्यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. या स्वाक्षऱ्यांची साखळी ज्या मधल्या प्रमाणपत्रावर उभी होती, त्याची मुदत त्या पहाटे संपली आणि ते वेळेवर बदलण्याचे राहून गेले. ब्राउझर ही तपासणी साधारणतः चोवीस तासांतून एकदा करतो. त्यामुळे एकाच कार्यालयात एका टेबलावरचा संगणक बंद पडलेला आणि शेजारचा व्यवस्थित चाललेला, असे चित्र दिसले. शेजाऱ्याचे यंत्र चालते म्हणजे दोष आपल्याच यंत्रात आहे, हा सहज सुचणारा निष्कर्ष येथे साफ चुकीचा ठरला.

या घटनेतील खरे नुकसान त्यानंतर झाले. अनेकांनी बंद पडलेले ॲड-ऑन काढून टाकून पुन्हा बसवण्याचा प्रयत्न केला. ॲड-ऑन काढून टाकला की त्याने साठवलेली माहितीही त्याच्यासोबत जाते. असे करू नये, असे आवाहन मोझिलाला तातडीने करावे लागले. काहींनी संगणकाचे घड्याळ मागे नेले, तर काहींनी स्वाक्षरीची तपासणीच बंद करून ठेवली, म्हणजे दार अडकले म्हणून कुलूपच काढून टाकले. दरम्यान, मोझिलाने नवे प्रमाणपत्र दूरस्थ यंत्रणेद्वारे पाठवण्यास सुरुवात केली. ५ मे रोजी ६६.०.४ ही आणि ७ मे रोजी ६६.०.५ ही सुधारित आवृत्ती आली. ज्यांनी काहीही न काढता वाट पाहिली, त्यांपैकी बहुतेकांचे ॲड-ऑन होते तसे परत सुरू झाले.

सदोष अपडेटनंतरच्या अडचणींचा विचार करताना हाच मुद्दा केंद्रस्थानी ठेवला पाहिजे. बिघाड बहुधा काही तासांचा किंवा काही दिवसांचा असतो, मात्र त्यावर घाईने केलेला उपाय कायमचे नुकसान करून जातो.

माहिती गेली नव्हती

याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात दुसरा प्रसंग घडला. अँड्रॉइड फोनमध्ये वेबव्ह्यू नावाचा एक घटक असतो. अनेक ॲप आपल्या आत संकेतस्थळाची पाने दाखवण्यासाठी त्याचा उपयोग करतात आणि तो क्रोम ब्राउझरच्याच पायावर उभा आहे. क्रोमच्या ७९ व्या आवृत्तीत गूगलने या घटकाची माहिती साठवण्याची जागा बदलली. जुन्या जागेवरची सर्व माहिती नव्या जागी नेण्याचे काम मात्र अपुरे राहिले. परिणामी काही ॲप नुकतीच बसवल्याप्रमाणे कोरी उघडू लागली. ही आवृत्ती सुमारे निम्म्या फोनपर्यंत पोहोचल्यावर तिचे वितरण थांबवण्यात आले.

त्यानंतर आलेल्या ७९.०.३९४५.९३ या आवृत्तीसोबत गूगलने स्पष्ट केले की, माहिती नष्ट झाली नव्हती, ती केवळ दिसत नव्हती, आणि नव्या आवृत्तीनंतर ती पुन्हा दिसू लागेल. कोरे पडलेले ॲप ज्याने मधल्या दिवसांत फोनमधून काढून टाकले किंवा त्याची साठवण पुसली, त्याने मात्र सुखरूप असलेली माहिती स्वतःच्या हाताने नाहीशी केली. न दिसणारी वस्तू हरवलेलीच असते असे नाही, हे संगणकाच्या बाबतीतही खरे आहे.

आवृत्ती तीच, वर्तन वेगळे

अपडेट म्हणजे नवी आवृत्ती बसवणे, ही आपली समजूतही आता अपुरी ठरू लागली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांतील असंख्य कर्मचाऱ्यांच्या क्रोम ब्राउझरमध्ये पाने एकाएकी पांढरी, कोरी दिसू लागली. एकाच सर्व्हरवर अनेकांनी काम करण्याची व्यवस्था जेथे होती, तेथे हा त्रास विशेष जाणवला. त्या दिवशी कोणतीही नवी आवृत्ती आलेली नव्हती. झाकलेल्या खिडक्यांवर संगणकाची शक्ती खर्च होऊ नये, यासाठी तयार केलेली एक सुविधा गूगलने दूरवरून सुरू केली होती. पुढे ती दूरवरूनच बंद करण्यात आली. आपल्या कार्यालयातील ब्राउझरचे वर्तन आपल्याला न सांगता बदलले जाते, याबद्दल व्यवस्थापकांनी तेव्हा तीव्र नाराजी व्यक्त केली.

मार्च २०२१ मध्ये, भारतात २३ तारीख उजाडली तेव्हा, जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडत होती. फोन बिघडला असेच अनेकांना वाटले. दोष पुन्हा वेबव्ह्यूमध्ये, आणि नेमकेपणाने सांगायचे तर प्रायोगिक बदल दूरवरून पोहोचवणाऱ्या यंत्रणेत होता. वेबव्ह्यूचे तेवढे ताजे अपडेट काढून टाकावे, असा तात्पुरता सल्ला सॅमसंगच्या ग्राहकसेवेने दिला. हा सल्ला योग्य होता, कारण त्यामुळे दोषी घटक तेवढा बाजूला होत होता आणि तो केव्हाही परत बसवता येत होता. याउलट ज्यांनी वैतागून संपूर्ण फोन पूर्ववत कोरा केला असेल, त्यांनी एका कमकुवत विटेसाठी घर पाडले, असेच म्हणावे लागेल.

तिसरे उदाहरण १३ जानेवारी २०२२ चे. त्या दिवशी फायरफॉक्स जगभर जवळजवळ दोन तास निरुपयोगी झाला होता. ९६ वी आवृत्ती दोनच दिवसांपूर्वी प्रसिद्ध झालेली असल्याने संशय साहजिकच तिच्यावर जाण्यासारखा होता. पण कारण वेगळेच निघाले. मोझिला ज्या कंपनीच्या सर्व्हरची सेवा घेते, त्या कंपनीने तेथे एचटीटीपी-३ ही नवी संपर्कपद्धत सुरू केली होती. तिच्याशी बोलताना फायरफॉक्समधील आधीपासून दडलेला एक दोष जागा झाला आणि ब्राउझर एकाच फेऱ्यात अडकून राहिला. अपडेटनंतर घडले म्हणजे अपडेटमुळेच घडले, असा तर्क करणे किती फसवे असते, याचा हा धडा होय.

बिघाड की ठरवून केलेला बदल?

आणखी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. अपडेटनंतर बंद पडलेली प्रत्येक गोष्ट चुकीने बंद पडलेली नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीच्या प्लग-इनचा आधार पूर्णपणे काढून घेतला. डिजिटल स्वाक्षरीसारख्या कामांसाठी ब्राउझरमधील जावावर विसंबून असलेल्या संकेतस्थळांचे काम त्यामुळे अडले. हा निर्णय सुरक्षिततेसाठी घेतलेला आणि पूर्वसूचना देऊन अमलात आणलेला होता. अशा वेळी वाट पाहून काहीही साध्य होत नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्याने आपली व्यवस्था बदलणे, हाच त्यावरचा उपाय असतो. म्हणून अडचण आली की आवृत्तीसोबतचे निवेदन प्रथम वाचावे.

उपायांचा क्रम

या सर्व प्रसंगांतून एक साधा क्रम हाती लागतो. ज्या उपायाने काहीही नष्ट होत नाही तो प्रथम, आणि ज्याने नष्ट होते तो अगदी शेवटी.

सर्वप्रथम पडद्यावरचा संदेश शब्दशः टिपून ठेवावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ब्राउझरच्या मदत विभागात दिसणारा आवृत्ती क्रमांकही नोंदवावा. त्यानंतर तुलना करावी. हेच संकेतस्थळ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते काय? याच ब्राउझरमध्ये दुसरे संकेतस्थळ उघडते काय? एकाच संगणकावरील सगळेच ब्राउझर बंद असतील, तर दोष जोडणीत, चुकलेल्या तारीखवेळेत किंवा सुरक्षा आज्ञावलीत असण्याची शक्यता अधिक. जुलै २००८ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर झोनअलार्म ही संरक्षक आज्ञावली वापरणाऱ्या अनेकांचा इंटरनेटशी संपर्कच तुटला होता. त्या वेळी ब्राउझरची कितीही दुरुस्ती केली असती तरी ती व्यर्थ ठरली असती.

दोष एकाच ब्राउझरपुरता असल्यास तो पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. मग खासगी खिडकीत तेच पान उघडून पाहावे. तेथे ते उघडत असेल, तर अडथळा साठवलेल्या माहितीत किंवा एखाद्या ॲड-ऑनमध्ये आहे. ॲड-ऑन काढून न टाकता एकेक करून तात्पुरते बंद करावेत. तरीही उलगडा न झाल्यास नवे प्रोफाइल तयार करून पाहावे. जुने प्रोफाइल त्यामुळे जसेच्या तसे राहते.

पुसण्याची वेळ आलीच, तर काय पुसतो आहोत हे समजून घ्यावे. चित्रे व पाने यांची तात्पुरती साठवण पुसल्याने काहीही बिघडत नाही. कुकी पुसल्यास सर्व संकेतस्थळांवर पुन्हा प्रवेश करावा लागतो. जतन केलेले परवलीचे शब्द मात्र एकदा गेले की गेले. त्यामुळे वाचनखुणा आणि परवलीचे शब्द यांची प्रत आधीच काढून ठेवावी. परवलीच्या शब्दांची प्रत कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात असते, म्हणून काम होताच ती नष्ट करावी. जुन्या आवृत्तीकडे परतणेही वाटते तितके निर्धोक नाही. २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीचे प्रोफाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडू देत नाही आणि नवे, रिकामे प्रोफाइल पुढे करतो. वाचनखुणा गेल्या असे वाटून अशा वेळी घाबरून जाऊ नये, त्या जुन्या प्रोफाइलमध्ये सुरक्षित असतात.

या गोंधळाचा लाभ घेणारेही असतात. ‘आपला ब्राउझर जुना झाला आहे, येथे टिचकी मारा’ असे सांगणारी खोटी पाने आणि शोधयंत्रात सापडणारे मदतकेंद्रांचे बनावट दूरध्वनी क्रमांक यांपासून सावध राहावे. अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या यादीतून किंवा फोनच्या अधिकृत ॲप-दुकानातूनच घ्यावे. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवता येते.

अपडेट बंद ठेवणे हा मार्ग नव्हे

एकदा हात पोळल्यावर अपडेटच बंद करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे. ब्राउझरमधील सुरक्षाविषयक त्रुटी सतत उघडकीस येत असतात. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोमने दर आठवड्याला सुरक्षा अपडेट देण्यास सुरुवात केली. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा त्रुटींबाबत वेळोवेळी इशारे देते आणि त्यांतील सल्ला बहुधा एकच असतो, सुधारित आवृत्ती बसवा. शिवाय, अपडेट थांबवल्याने बिघाड टळतो हेही खरे नाही. १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्सच्या आणखी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. मोझिलाने या वेळी आधीच इशारे दिले होते आणि नव्या आवृत्त्यांत पर्यायी व्यवस्था केली होती. अडचणीचा धोका होता तो जुन्या आवृत्तीवर अडून बसलेल्यांनाच.

काम अडलेल्या माणसाला ‘थांबा’ असे सांगणे सोपे असते, हे मान्य केले पाहिजे. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल आणि घरात एकच फोन असेल, तर दोन तासही फार मोठे ठरतात. म्हणून दुसरा एखादा ब्राउझर आधीपासून बसवून ठेवणे आणि शेवटच्या दिवसाची वाट न पाहणे, ही खबरदारी प्रत्येकाला घेता येण्यासारखी आहे. मात्र सगळा भार वापरकर्त्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. मोझिलाने दोन्ही वेळा आपल्या चुकीचा सविस्तर वृत्तान्त जाहीर केला, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु असे वृत्तान्त नंतर येतात, तेही इंग्रजीत. ज्या यंत्रणेतून एखादी सुविधा काही तासांत जगभर सुरू किंवा बंद करता येते, त्याच यंत्रणेतून ‘दोष आमच्याकडे आहे, आपण काहीही पुसू नका’ एवढे एक वाक्य वापरकर्त्याच्या भाषेत पडद्यावर दाखवणे अशक्य नाही. ते वाक्य वेळेवर दिसले असते, तर मे २०१९ मध्ये अनेकांची माहिती वाचली असती.