आधीं पडावयास शिकवावें

मुलांच्या खेळांवरून घराघरांत जे वाद होतात, त्यांत अलीकडे स्केटबोर्डची भर पडली आहे. वीतभर रुंद व सुमारें पावणेदोन हात लांब अशी लांकडी फळी, आणि तिच्याखालीं चार लहान चाकें, एवढेंच हें साधन. हातांत धरावयास कांहीं नाहीं, पाय अडकवावयास कांहीं नाहीं. तिच्यावर उभें राहून धांवावयाचें, ही कल्पनाच आजीआजोबांच्या काळजाचा ठोका चुकविते. त्यांतून ज्या घरांत बापानें किंवा आईनें विद्यार्थिदशेंत हा खेळ केलेला असतो, तेथें वाद अधिकच नाजूक होतो. वडीलधाऱ्यांस नातवंडाच्या हाडांची चिंता, तर बापाच्या मनांत स्वतःच्या गेलेल्या वयाची आठवण! प्रस्तुत लेखक ह्या दुसऱ्या वर्गांतला आहे. कॅलिफोर्नियांत शिकत असतां दोन वर्षें मीं ह्या फळीवर घालविलीं, आणि आतां आठ वर्षांच्या मुलीस ती शिकवीत आहें. ह्या निमित्तानें जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

हा खेळ कांहीं कालपरवांचा नव्हे. १९५० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तरुणांनीं, लाटांवर फळी चालविण्याचा आनंद जमिनीवरही मिळावा म्हणून, फळीस चाकें लावलीं. तीं चाकें कठीण असत. वाटेंत लहानसा खडा आला कीं चाक अडे व स्वार पुढें फेंकला जाई. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फ्रँक नॅसवर्दी ह्या तरुणानें पॉलियुरेथेन ह्या लवचिक द्रव्याचीं चाकें प्रचारांत आणलीं, आणि खेळाचें रूपच पालटलें. १९७६-७७ सालीं तेथें अवर्षण पडून पोहण्याचे हौद कोरडे राहिले. मुलांनीं त्यांच्या वाटोळ्या भिंतींवर चढण्याची विद्या साधली. २०२१ सालीं तोकिओ येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ प्रथम आला, तेव्हां जपानच्या मोमिजी निशिया हिनें अवघी तेरा वर्षांची असतां सुवर्णपदक मिळविलें. २०२४ सालीं पॅरिस येथें ब्रिटनच्या एकाच संघांत सोळा वर्षांची स्काय ब्राऊन आणि एक्कावन्न वर्षांचे अँडी मॅक्डोनाल्ड हीं दोघेंही होतीं. तेव्हां बापानें व मुलीनें एकाच फळीचें वेड घ्यावें, ह्यांत अघटित असें कांहीं नाहीं.

परंतु ज्यानें हा खेळ पूर्वीं केला आहे, त्यानें मुलास पहिल्यानें काय द्यावें? माझ्या मतें, पडण्याची विद्या. फळीवर उभें राहणें मूल आपोआप शिकतें. नीट पडणें मात्र शिकवावें लागतें. तोल गेला कीं हात ताठ करून जमिनीवर टेंकावयाचा, ही मनुष्याची सहजप्रवृत्ति. मग सर्व शरीराचा भार एका मनगटावर येतो, आणि ह्या खेळांत मनगटाची दुखापत ही नित्याचीच आहे. म्हणून तोल जातांक्षणींच गुडघे वांकवून अंग खालीं आणावें, म्हणजे पडण्याची उंचीच कमी होते. हात कोपरांत वांकवावे, हनुवटी छातीकडे घ्यावी, आणि दंड व खांदा ह्यांवरून कुशीवर लोळत जावें. हा अभ्यास फळीशिवाय, घरांतल्या गादीवर करतां येतो. आमच्या घरीं पहिले आठ दिवस फळी माळ्यावरच होती, आणि दिवाणखान्यांत लोळण्याचा कार्यक्रम चालला होता. त्यांत घरचीं व शेजारचीं मिळून पांच मुलें सामील झालीं.

साधनांविषयीं कंजुषी करूं नये. शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, तर हवेंच. त्याशिवाय मनगट, कोपर व गुडघे ह्यांस संरक्षक पट्टे हवेत. वर उल्लेखिलेली स्काय ब्राऊन २०२० सालीं सरावांत उंचावरून पडली; कवटीस भेग गेली, हात मोडला. डोक्यावर हेल्मेट होतें; पुढल्याच वर्षीं तिनें तोकिओस कांस्यपदक मिळविलें. बापानेंही स्वतः हेल्मेट घातल्यावांचून फळीवर पाय ठेवूं नये, कारण मूल उपदेश ऐकत नाहीं, तें पाहतें. चाकांचा कठीणपणा अंकांनीं दर्शवितात: सुमारें ७८ अंकाचीं मऊ, ९९ च्या आसपासचीं कठीण. आपल्याकडील खडबडीत फरशीस मऊ चाकेंच बरीं. पायांत सपाट तळाचे बूट असावेत. रहदारीच्या रस्त्यावर फळी कधींही नेऊं नये. पांच वर्षांखालील मुलांस ती मुळींच देऊं नये व दहा वर्षांपर्यंत मोठें माणूस जवळ असावें, असा अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे.

पहिले धडे गवतावर द्यावे, म्हणजे चाकें फिरत नाहींत. पुढें सपाट अंगणांत मुलास आपले हात धरूं द्यावे. आपण त्याचे हात धरूं नयेत. त्यानें आपले धरावे, म्हणजे केव्हां सोडावयाचे हें त्याचें त्यासच ठरवितां येतें. कोणता पाय पुढें ठेवावा, हेंही आपण सांगूं नये. कांहींजण डावा पाय पुढें ठेवतात, कांहींजण उजवा. ह्या दुसऱ्या प्रकारास खेळाडू 'गूफी' म्हणतात, पण त्यांत दोष कांहीं नाहीं. माझा डावा पाय पुढें असे. मुलीचा उजवा आहे.

लहानशी वाटणारी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुलाच्या पायांनीं आपलें तारुण्य पुन्हां धांवावें, असा मोह अशा बापास पडतो. टोनी हॉक ह्यांचें उदाहरण येथें आठवतें. १९९९ सालीं हवेंत अडीच फेरे घेण्याचा पराक्रम एका स्पर्धेंत प्रथम करून दाखविणारा हा जगप्रसिद्ध खेळाडू उंच, वळणदार भिंतींवरचा राजा. त्यांचा मुलगा रायली हाही पुढें व्यवसायी खेळाडू झाला. परंतु त्यानें मार्ग धरला तो रस्त्यावरील पायऱ्यांचा व कठड्यांचा. फळी बापाची, वाट मुलाची, असेंच ह्याचें वर्णन करावें लागेल. आणि उद्यां मुलानें फळी ठेवून पेटी किंवा बुद्धिबळ हातीं घेतलें, तरी बापानें तोंड उतरवूं नये.

आतां वडीलधाऱ्यांविषयीं. आमच्या मातोश्रींचा आक्षेप दुहेरी होता: एक तर हाडें, आणि दुसरें म्हणजे मुलीची जात. पहिल्या आक्षेपांत तथ्य होतें, म्हणूनच आठ दिवस गादीवर गेले. दुसऱ्यास उत्तर म्हणून मीं त्यांस मध्यप्रदेशांतील जनवार ह्या खेड्याची हकीकत सांगितली. पन्ना जिल्ह्यांतील ह्या गांवीं उल्रिके राइनहार्ट ह्या जर्मन बाईंनीं २०१५ सालीं मुलांसाठीं स्केटबोर्डचें मैदान बांधविलें, आणि दोनच नियम ठेवले: शाळा नाहीं तर फळी नाहीं, आणि मुलींचा मान पहिला. मातोश्रींनीं ऐकून घेतलें. बोलल्या कांहींच नाहींत.

तिसऱ्या आठवड्यांत मुलगी पडली. शिकविल्याप्रमाणें कुशीवर लोळली, पण पोटरी चांगलीच खरचटली. मातोश्रींनीं जखम धुतली, औषध लावलें, आणि माझ्याकडे न पाहतां नातीस विचारलें, "उद्यां जावयाचें आहे का?" ती 'हो' म्हणाली. "मग आज लौकर नीज," एवढेंच म्हणून त्या उठल्या.

संसारांत पडण्याचे प्रसंग मुलांना पुढें पुष्कळ येणार आहेत, आणि त्या वेळीं आईबाप जवळ असतीलच असें नाहीं. गुडघे वांकवून, अंग सांवरून पडावें आणि उठून पुन्हां फळीवर पाय ठेवावा, ही संवय आठव्या वर्षीं लागली तर ती वायां जाणार नाहीं. ज्या घरीं जुनी फळी माळ्यावर धूळ खात असेल, तेथील आईबापांनीं ती अवश्य खालीं काढावी. मात्र आधीं गादी अंथरावी.