एक अक्षर, दोन उच्चार

‘संकेश्वर’ हे नाव कानडी लिपीत लिहिले काय आणि देवनागरीत लिहिले काय, अक्षरे तीच आणि त्याच क्रमाने येतात. परंतु कानडी वाचणारा शेवटच्या ‘र’मधील अकार पुरा उच्चारतो, तर मराठी वाचणारा तो गिळून टाकतो, आणि हे दोघेही कर्नाटकाच्या सीमाभागातील हुक्केरी तालुक्यातल्या एकाच बाजारपेठेत एकमेकांशी व्यवहार करीत असतात. जसे बोलतो तसेच लिहितो, हा देवनागरीविषयीचा आपला अभिमान निराधार नसला तरी निरपवादही नाही, याचा प्रत्यय सीमाभागातील प्राथमिक शिक्षकाला नित्य येतो.

घरी कानडी बोलणाऱ्या मुलाच्या हाती मराठीचे पुस्तक दिले, की ते ‘चूल’ हा शब्द ‘चिमणी’तल्या ‘च’ने वाचते. यात मुलाचा काय अपराध? त्याच्या कानाला परिचित असलेला ‘च’ तालव्यच असतो. मराठीत त्याच अक्षराला दंततालव्य असा दुसरा उच्चार आहे आणि तो कोठे करावा याची कसलीही खूण छापील पानावर नसते. ‘जग’ म्हणजे विश्व असेल तर ‘ज’ तालव्य, ‘शंभर वर्षे जग’ असा आशीर्वाद असेल तर दंततालव्य. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांमागे, ‘माझी’ म्हणताना टाळूकडे. फारसी अमदानीत आलेल्या ‘जमीन’ आणि ‘जिल्हा’ या शब्दांचा आद्य ध्वनी फारसीत एकच होता. मराठीने पुढच्या इकारापायी ‘जिल्हा’ टाळूकडे नेला आणि ‘जमीन’ दातांपाशी ठेवली.

उलट बाजूनेही अडचण आहेच: 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी रूढ झालेल्या ‘बेळगावी’ या नावातला कानडी एकार ऱ्हस्व आहे, आणि तो दाखविण्याची सोय आपल्या बाराखडीत नाही.

मोडीच्या दस्तऐवजांत तर इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही बहुधा पाळला जात नसे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या जमीनजुमल्याचे व्यवहार त्याच कागदांवर निर्वेध चालले, कारण वाचणाऱ्या कारकुनाला भाषा अगोदरच अवगत होती. सीमाभागातल्या मुलाला ती अक्षरांवरूनच शिकावयाची असते. म्हणून त्याच्यासाठी लेखन उच्चाराच्या आणखी जवळ न्यायला हवे, आणि तसे करणे काही नवे नाही: 1962 च्या मराठी लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, तेव्हा लेखन उच्चाराकडे एक पाऊल सरकलेच होते.

कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची क्रमिक पुस्तके स्वतः छापते. त्यांतील पहिल्या दोन इयत्तांच्या पुस्तकांत दंततालव्य च, ज, झ यांच्याखाली टिंब द्यावे आणि तिसरीपासून ते काढून टाकावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. हिंदीत ‘ज’खाली असा नुक्ता देतातच, त्यासाठी नवे चिन्ह घडवावे लागत नाही. टिंब कोणत्या शब्दांना द्यावे हे मात्र इथल्याच शिक्षकांना विचारून ठरवावे, कारण पुण्याचा आणि संकेश्वरचा उच्चार प्रत्येक शब्दात एकच असेल असे नाही.