आधी तारा, मग बोटे

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, गिटारचा क्लास आता फार शोधावा लागत नाही. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा दुकानाच्या माळ्यावर तो सापडतोच. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी गिटारच्या डोक्याला क्लिपचा ट्यूनर लावतात, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई-ए-डी-जी-बी-ई असे सहा सूर जुळवतात आणि हिरवा दिवा लागला की ट्यूनिंगचा विषय संपतो. पुढे शिकायचे ते सगळे बोटांचे: कॉर्ड, स्केल, स्ट्रमिंग, मग ग्रेडची परीक्षा. हा क्रम वाईट नाही. त्यातून हिंदी चित्रपटगीतांपासून पॉपपर्यंत शेकडो गाणी सुखाने वाजतात. पण याच वाटेने ब्लूज रॉककडे गेलेला विद्यार्थी एका जागी हमखास अडतो. रोलिंग स्टोन्सचे ‘ब्राउन शुगर’ तो वाजवतो, कॉर्ड बरोबर असतात, ताल बरोबर असतो, गाणे मात्र ते नसते. मग दोष बोटांना दिला जातो, अ‍ॅम्पला दिला जातो, नव्या पेडलवर पैसे जातात. माझे म्हणणे असे की दोष पुष्कळदा खुंट्यांचा असतो. ब्लूज रॉकच्या फार मोठ्या भागात तारा कशा लावल्या आहेत हा रचनेचाच हिस्सा आहे. तो वरच्या वर्गातली चैन म्हणून राखून न ठेवता क्लासांनी सुरुवातीपासून शिकवायला हवा.

‘ब्राउन शुगर’ १९७१चे. स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स त्यासाठी सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार गिटारवरून काढूनच टाकतो. उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा लागतात. ‘जी’ला षड्ज मानले तर सा-प-सा-ग-प. यालाच ओपन जी म्हणतात. एकही बोट न लावता तारा छेडल्या की पुरा मेजर कॉर्ड उमटतो. पाचव्या पडद्यावर एक बोट आडवे टाकले की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा. गंमत त्यापुढे आहे. आडवे बोट तसेच ठेवून मधले बोट दुसऱ्या तारेवर एक पडदा पुढे आणि अनामिका चौथ्या तारेवर दोन पडदे पुढे टेकवली, की गंधाराचा मध्यम होतो आणि पंचमाचा धैवत. खालचा षड्ज मात्र जागचा हलत नाही. दोन बोटे उचलली की पुन्हा पहिला कॉर्ड. ही ये-जा म्हणजेच ‘ब्राउन शुगर’चा आणि १९८१च्या ‘स्टार्ट मी अप’चा सांगाडा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्येही जवळपास हेच सूर काढता येतात, नाही असे नाही. पण तिथे एक बार कॉर्ड सोडून दुसरा धरावा लागतो, हात उडी मारतो आणि त्या उडीत आधीचा नाद तुटतो. कागदावर दोन्ही सारखे दिसते. कानाला मात्र एकात षड्ज अखंड गुंजत असतो आणि दुसऱ्यात तो दर मात्रेला नव्याने जन्म घेतो. वर्गात तासन्‌तास स्ट्रमिंग घटवून ही फट बुजत नाही.

हे रिचर्ड्सचे खासगी खूळ नव्हते. ही ट्यूनिंग आपण अमेरिकन गिटारवादक राय कूडरकडून उचलली, हे त्याने लपवलेले नाही. आणि कूडरच्याही मागे मिसिसिपीच्या कापूसमळ्यांवरची पिढी उभी आहे. डब्ल्यू. सी. हँडीने १९०३च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर एक कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकला, ही हकिगत ब्लूजच्या इतिहासात सतत सांगितली जाते. सुरी असो, बाटलीची मान असो वा पितळी नळी, ती सरळ असते. बोटांसारखी ती वेगवेगळ्या पडद्यांवर वाकत नाही. म्हणून सरळ रेषेत दाबले तरी कॉर्डच वाजेल अशा तारा लावणे ही त्या वादकांची गरज होती. १९४१मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सने मळ्यावर जाऊन मडी वॉटर्सचे ध्वनिमुद्रण केले, ते याच परंपरेतले. तोच मडी वॉटर्स शिकागोला जाऊन १९४८मध्ये विजेच्या गिटारवर ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ वाजवतो तेव्हा गाव बदललेले असते, तारा बदललेल्या नसतात. एल्मोर जेम्सचे १९५१चे ‘डस्ट माय ब्रूम’ ओपन डीमध्ये आहे, म्हणजे सा-प-सा-ग-प-सा. स्टोन्सनी आपले नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतले. त्याच्या तारा घेतल्या यात नवल नाही. नळी घसरवताना कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जी जागा सापडते, ती ब्लूजचा जीव आहे. पडद्यावर ठामपणे बोट ठेवणाऱ्याला ती तार ओढून मिळवावी लागते, नळीवाल्याला ती वाटेतच भेटते.

खरे तर हे सगळे मराठी श्रोत्याला सांगावे लागू नये. गायक बसल्यावर आधी तंबोरे जुळतात, मग गाणे, हे आपल्याकडे मैफलीला जाणारा कोणीही जाणतो. पंचम वर्ज्य असलेल्या मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार पंचमात ठेवत नाहीत, मध्यमात लावतात. म्हणजे काय गायचे आहे ते ठरल्यावर तारा ठरतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुकही झाले. त्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो गंधार पेटीवरच्या किंवा क्लिप-ट्यूनरच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, मोजायचेच तर अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले सुमारे चौदा भाग. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल अशाच बारीक अंतरांचा हिशेब मांडत होते. १९१०मध्ये बावीस श्रुतींवरचे त्यांचे पुस्तक निघाले. ओपन जीमध्ये दुसरी तार नेमकी याच गंधारावर असते. हिरव्या दिव्यावर न थांबता, बाकीच्या तारा गुंजत ठेवून ती केसभर उतरवली, की कॉर्ड स्थिरावतो. हे शिकायला मिसिसिपीला जावे लागत नाही. त्यासाठी लागणारा कान बोरिवलीच्या गाण्याच्या क्लासात रोज तयार होतो, फक्त गिटारच्या क्लासात तो वापरायचा असतो हे कोणी सांगत नाही.

इथे जाणकार अडवतील. तंबोऱ्याची उपमा फार ताणू नका, ते म्हणतील. रागाचा षड्ज अचल असतो, ब्लूजचा बारा मात्रांचा आवर्त घर बदलत फिरतो. (बारा मात्रा हेही चूकच, ते बारा ‘बार’, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड.) आक्षेप रास्त आहे. ओपन ट्यूनिंग म्हणजे तंबोरा नव्हे. पण आडव्या बोटाने किंवा नळीने तो अख्खा संच पाचव्या-सातव्या पडद्यावर उचलून नेता येतो, हीच त्याची युक्ती. शिवाय सगळा ब्लूज घर बदलतोच असेही नाही. जॉन ली हूकरचे १९४८चे ‘बूगी चिलन’ जवळजवळ पूर्णपणे एकाच कॉर्डवर उभे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बी. बी. किंग, बडी गाय, एरिक क्लॅप्टन हे तर मुख्यतः नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच वाजवत आले. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११पासून भरू लागलेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गायला ऐकायला उपनगरांतून गेलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. मग हा खटाटोप कशाला? एक तर मी सगळ्या ब्लूजबद्दल बोलत नाही. एकेक सूर ओढून गाणाऱ्या लीड गिटारला नेहमीची ट्यूनिंग सोयीची आहे, तिथे ती राहू द्यावी. पण त्या वादकांचा दाखलाही वाटतो तितका सरळ नाही. बी. बी. किंगचा प्रसिद्ध थरथरता सूर आला कुठून? त्याच्या आईचा चुलत-मावस नात्यातला भाऊ बुका व्हाइट नळीने वाजवी. तो नाद आपल्याला नळीने साधेना म्हणून बोट हलवून काढायला लागलो, असे किंग स्वतः सांगत असे. स्टीव्ही रे वॉन सहाही तारा अर्धा स्वर उतरवून वाजवत असे. म्हणजे ज्यांनी नेहमीची ट्यूनिंग ठेवली त्यांच्याही कानात दुसरी काही घुमत होती.

‘एका बोटाने कॉर्ड वाजवणे ही पळवाट आहे’ असे म्हणणाऱ्यांशी मात्र फार वाद घालण्याची गरज वाटत नाही. सोपे झाले म्हणून हलके झाले, हा हिशेब संगीतात चालत नाही. ज्यांना तो चालवायचा आहे त्यांनी विश्वमोहन भट आणि राय कूडर यांचा १९९३चा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ऐकावा. त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाला. दोन्ही गिटारांवर नळी फिरते आणि त्यात पळवाट कुठे आहे ते शोधून दाखवावे. हे परदेशी फॅड आहे, असेही कोणी म्हणू नये. मांडीवर आडवी ठेवून, निराळ्या तारा लावून वाजवलेली हवाईयन गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणि रेडिओवर वर्षानुवर्षे होती. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त तिला संतूर-बासरीच्या शेजारी बसवले. उलट परदेशीच इथे आले: लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२मध्ये मुंबईच्या वादकांबरोबर आपले ‘फ्रेंड्स’ हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. मूळ गाण्यात पेजची गिटार सी-ए-सी-जी-सी-ई अशी लावलेली आहे, आपल्या भाषेत सा-ध-सा-प-सा-ग.

राहिली व्यवहाराची अडचण, आणि ती उपनगरात खरी आहे. संध्याकाळी अंधेरीहून बोरिवलीच्या लोकलमध्ये एक गिटार घेऊन चढणे हाच पराक्रम. दोन ट्यूनिंगसाठी दोन गिटार न्या, हा सल्ला गाडी बाळगणाऱ्यांनी आपापसांत द्यावा. पण ओपन जीसाठी फक्त तीन तारा उतरवाव्या लागतात: सहावी, पाचवी आणि पहिली, प्रत्येकी एक स्वर. दोन गाण्यांच्या मध्ये गायक पाणी पितो तेवढ्यात हे होते. तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली नेऊन मग वर आणावी, म्हणजे खुंटीतला सैलपणा निघतो आणि पुढच्या कडव्यात ती घसरत नाही. ओपन ई आणि ओपन एमध्ये तारा चढवाव्या लागतात. पावसाळ्यात गंजलेली तार तिथे तुटते आणि मानेवरही ताण येतो. त्यापेक्षा ओपन डी किंवा ओपन जी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा, सूर तेच मिळतात. उतरवलेली जाड तार पडद्यांवर आपटत असेल तर एक नंबर जाड संच घालावा.

नवशिक्याचा गोंधळ उडेल, ही शिक्षकांची काळजी समजण्यासारखी आहे. म्हणूनच क्रम हवा. आधी ड्रॉप डी, कारण त्यात सहावी तार तेवढी एक स्वर उतरते आणि बाकी शिकलेले सगळे जागेवर राहते. मग ओपन जी, आणि तेही पाच तारांवर. नळी त्यानंतर. डी-ए-डी-जी-ए-डी ही गंधार नसलेली, लेड झेपेलिनच्या ‘कश्मीर’मुळे गाजलेली ट्यूनिंग सर्वांत शेवटी, कारण ती मेजर की मायनर हे सांगत नाही आणि ते ठरवण्याची जबाबदारी वाजवणाऱ्यावर टाकते. ग्रेडच्या परीक्षेला याचे गुण मिळतील न मिळतील. पण महिन्यातला एक तास ट्यूनर पेटीत ठेवून तारा कानाने जुळवण्याला दिला, तर परीक्षेची गाणीही त्याने बिघडणार नाहीत. आणि कोणाची सहावी तार तुटली, तर नवी आणायला लगेच दुकानात पाठवण्याचीही गरज नाही.