रोहितांचे तळे आणि गोल्फचे मैदान

भरती आली की ठाणे खाडीचा गाळपट्टा पाण्याखाली जातो. तेथे शेवाळ टिपणारे रोहित पक्षी, ज्यांना आता आपली मुलेसुद्धा ‘फ्लेमिंगो’ म्हणूनच ओळखतात, थव्याथव्याने उडतात आणि नेरूळच्या उथळ पाणथळींत येऊन उतरतात. ओहोटी लागली की पुन्हा खाडीकडे. एनआरआय संकुलाजवळची, टीएस चाणक्य संस्थेमागची आणि डीपीएस तळे म्हणून ओळखली जाणारी, अशा या पाणथळी म्हणजे त्यांची विसाव्याची जागा. खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विसाव्याच्या जागा मात्र त्या सीमारेषेबाहेर राहिल्या. घराला कुलूप लावायचे आणि परसदार सताड उघडे ठेवायचे, असा हा प्रकार आहे.

या उघड्या दाराने कोण शिरले, हे नवी मुंबईकर जाणतात. नेरूळच्या पाणथळींवर व त्यांना लागून असलेल्या तिवरांच्या वनावर गोल्फचे मैदान आणि निवासी संकुल उभारण्यासाठी विकास आराखड्यात बदल करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी तो रद्द ठरवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच न्यायालयाने, खारफुटी कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असो, ती वनच होय, असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. आता तरी शासकीय यंत्रणा थांबेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आले. पाणथळ वाचवण्यासाठी नागरिकांनी पदरमोड करून वकील द्यायचा आणि ती बुजवता यावी म्हणून जनतेच्याच पैशावर चालणाऱ्या महामंडळाने वकील उभा करायचा, हे दृश्य लाजिरवाणे आहे.

तसे पाहता बुजवण्यासाठी दर वेळी डंपरच लागतो असे नाही. भरतीचे पाणी आत आणणाऱ्या वाटा अडवल्या की काम आपोआप होते. २०२४ च्या पूर्वार्धात डीपीएस तळे असेच कोरडे पडू लागले आणि तेथे रोहित मरून पडले. तळे सुकले की ‘येथे पाणथळ होतीच कुठे?’ असा प्रश्न विचारणे सोपे जाते. जमिनीच्या व्यवहारातील ही जुनीच हातचलाखी आहे.

विकासाला आमचा विरोध नाही. नवी मुंबई हे शहरच मुळात भूमिपुत्रांच्या त्यागावर उभे आहे. ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत न्याय्य मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात पाच जणांनी गोळ्या झेलल्या. आगरी-कोळी समाजाने जमीन दिली ती ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी. त्याच मातीवर मूठभर सभासदांसाठी हिरवळ पोसायची आणि खाडीत चिंबोरी-निवटी पकडणाऱ्याला कुंपणाबाहेर उभे करायचे, हे कोणत्या प्रयोजनात बसते? आणि ज्यांना पक्ष्यांचे सोयरसुतक नाही, त्यांनी निदान २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुजवलेल्या खाजणांची किंमत मुंबईने मोजली. भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली की ते पाणी सामावून घ्यायला हीच ‘पडीक’ जमीन लागते.

आणखी एक मुद्दा आहे, आणि तो विकासाच्याच भाषेतला आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ रोहित मृत्युमुखी पडले. आता नवी मुंबईचा विमानतळ पलीकडेच सुरू झाला आहे. भरतीच्या वेळी उतरायला नेरूळची पाणथळ उरली नाही, तर हे थवे मोकळ्या सपाट जागेच्या शोधात नेमके कुठे जातील, हे समजायला पक्षितज्ज्ञ असण्याची गरज नाही.

निसर्गरक्षण म्हणजे पाश्चात्त्यांचे फॅड, असा एक समज आपल्यातीलही काही मंडळींत आहे. पर्यावरणाच्या नावाखाली प्रत्येक प्रकल्पाला खोडा घालणाऱ्यांनी तो बळकट केला, हेही खरे. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हंस, क्रौंच, चक्रवाक अशा पक्ष्यांना अभय दिलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे आरमारासाठीही बळजबरीने तोडू नयेत, अशी ताकीद आहे. स्वराज्याच्या आरमाराहून गोल्फचे मैदान अधिक निकडीचे आहे काय? निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. संघशताब्दीच्या निमित्ताने घेतलेल्या पंचपरिवर्तनात पर्यावरणाचा समावेश आहे. प्लास्टिक टाळणे आणि रोपे लावणे चांगलेच. पण डोळ्यांदेखत वन बुजत असताना मूग गिळून बसणाऱ्याच्या वृक्षारोपणाला अर्थ राहत नाही. सत्तेत आपल्या विचारांचे लोक असताना तर हे अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, त्याचे मनःपूर्वक स्वागत. मात्र ती मान्यता एकाच तळ्यापुरती होती. एनआरआय आणि टीएस चाणक्य येथील पाणथळींनाही तेच संरक्षण मिळाले पाहिजे, अडवलेल्या भरतीच्या वाटा मोकळ्या केल्या पाहिजेत आणि त्या पुन्हा अडणार नाहीत याची जबाबदारी नावानिशी एखाद्या अधिकाऱ्यावर टाकली पाहिजे. गोल्फच्या मैदानाचा हट्ट शासनाने स्वतःहून सोडावा. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरेसा आहे.