हात धुवा म्हणता, पण पाणी कुठे आहे?

कॉलेजात असताना आम्ही एका वस्तीत पथनाट्य केलं होतं. डफ वाजवून गर्दी जमवली आणि 'हात धुवा, रोग टाळा' सुरू केलं. मध्येच एक आजी म्हणाल्या, "बाळांनो, टँकर चार दिवसांनी येतो. हात धुऊ का भात शिजवू?" आमच्या संहितेत याला उत्तर नव्हतं. आम्ही हसून पुढचं गाणं घेतलं. त्या हसण्याची लाज आजही वाटते.

आरोग्यावरची बहुतेक पथनाट्यं अशीच असतात. त्यात फाटक्या कपड्यातला, गावाकडची बोली बोलणारा माणूस अडाणी असतो आणि प्रमाण मराठी बोलणारा डॉक्टर शहाणा. आजाराचं खापर आजाऱ्याच्याच माथी फुटतं. हे प्रबोधन नाही, हा जुनाच जातीय विनोद आहे. गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराच्या वस्तीत स्वच्छतेचे धडे कसले देता? हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ठेकेदाराला कोण सांगणार?

मित्रांनो, आपली परंपरा वेगळी आहे. सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने लोकांना उपदेश केला नाही, प्रश्न विचारायला शिकवलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई रुग्णांची सेवा करताना गेल्या. १९२७ चा महाडचा सत्याग्रह माणुसकीच्या हक्काचा होता, आणि तो हक्क पाण्यावर बजावला गेला. पाणी आणि आरोग्य वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना पथनाट्य शिकवायचं तर संहिता शेवटी लिहू द्या. आधी त्यांना वस्तीत पाठवा. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं, असा सरकारचाच निकष आहे. आपल्याकडे ते आहे का? डॉक्टर किती वाजता येतात? कोणती औषधं बाहेरून आणायला सांगतात? ही माहिती गोळा करतानाच विद्यार्थी कार्यकर्ता होतो. मग नाटक ऐन अडचणीच्या जागी थांबवा आणि प्रेक्षकालाच आत बोलवा. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी हेच तंत्र वापरलं. त्या दिवशी आम्ही हसलो नसतो आणि आजींना रिंगणात बोलावलं असतं, तर खरं नाटक तिथून सुरू झालं असतं.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांना राजकारणात कशाला ओढता? सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, असं संविधानाचं कलम ४७ सांगतं. संविधानाची आठवण करून देणं राजकारण असेल, तर ते केलंच पाहिजे.

मात्र नुसत्या नाटकाने नळाला पाणी येत नाही, हेही खरं. टाळ्या घेऊन घरी गेलो तर ती करमणूकच. डफ खाली ठेवल्यावर त्याच जागी माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, सह्या घ्या, पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत विषय मांडा. आणि महिन्याने पुन्हा त्याच चौकात जाऊन काय उत्तर आलं ते सांगा.

ते उत्तर हाच नाटकाचा दुसरा अंक.

जय भीम!