मोडका मावळा आणि दिवाळीचा किल्ला

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या डिलाईल रोडवरील बी. डी. डी. चाळींच्या आवारात मुले दगडमातीचे किल्ले उभारीत आली आहेत, हे येथील पालकांस नव्याने सांगावयास नको. परंतु बाजारात प्लॅस्टरचे रंगविलेले तयार किल्ले मिळू लागल्यापासून कित्येक पालक तेच आणून मुलाच्या हाती देतात. हेतू प्रेमाचाच असतो; तथापि मुलाचे त्यात नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

किल्ल्यास विकतचे लागते तरी काय? फुटक्या विटा व दगड रचावे, त्यांवर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरावे, म्हणजे डोंगर झाला. (हेच गोणपाट झटकून ठेवले, तर डिसेंबरात ख्रिस्ती घरांतील गव्हाणीच्या देखाव्यास उपयोगी पडते.) पावडरीचा रिकामा डबा हा बुरूज, पुठ्ठ्याची पट्टी हा तट, निकामी पेनाचे टोपण ही तोफ. गतवर्षीचे मोडके मावळे तर मुळीच टाकू नयेत. ज्याचे पाय गेले त्यास तटाआड उभे करावे. कमरेवरचाच भाग दिसतो व पहारेकरी म्हणून तो उत्तम शोभतो. तीन पायांचा घोडा पागेच्या दारातून डोके बाहेर काढून सुखाने उभा राहतो. धडधाकट शिपायास जागा देण्यास बुद्धी लागत नाही. मोडक्यास देण्यास लागते.

सह्याद्रीचा दगड काळा, म्हणून मुले सरसकट काळा रंग फासतात आणि किल्ला कोळशाच्या ढिगासारखा दिसू लागतो. काळा रंग वाळल्यावर कोरड्या कुंचल्यावर किंचित राखी रंग घ्यावा, तो चिंधीने बहुतेक पुसून टाकावा व कुंचला कडांवरून हलकेच फिरवावा. दगडांचे उंचवटे लगेच उठून दिसतात.

इंग्रज ग्रंथकार एच. जी. वेल्स याने १९१३ साली खेळण्यातील शिपायांच्या लढायांवर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्याची रणभूमीही लाकडी ठोकळे, फळ्या आणि झाडांच्या डहाळ्या यांचीच होती.

रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड का लपविला, हे पुठ्ठा स्वतः वाकविणाऱ्या मुलास कळते. राजगडास तीन माच्या कशासाठी, हा प्रश्नही त्यालाच पडतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत हे दोन्ही आहेत. तयार किल्ल्यात दरवाजा आधीच कोरलेला असतो. मग विचारावयाचे काय उरले?

आता या चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांस ५०० चौरस फुटांचे घर मिळावे, यात आनंदच आहे. परंतु चिखल कालवावयाचा कोठे? वाहनतळाच्या फरशीवर पहारेकरी मुलांस उभे राहू देणार नाही. म्हणून नव्या सोसायट्यांतील पालकांस माझी विनंती आहे की, पहिल्याच सभेत आवारातील सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी मातीची एक जागा मुलांकरिता मागून घ्यावी, आणि ती कागदावर लिहून घ्यावी.