तुमचे म्हणणे काय?

वर्षावास संपून धानाची कापणी सुरू झाली होती, तेव्हा भंडाऱ्याजवळच्या एका वस्तीत आमचे जाणे झाले. घर ओळखीचे. वडील राइस मिलमध्ये हमाली करतात, आई विड्या वळते आणि थोरली मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. चहा झाल्यावर तिने एक वही आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, “सरांनी असं काऊन लिवलं जी?”

निबंध बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेवर होता. अक्षर सुरेख, चार पाने भरलेली. पहिले वाक्य असे : ‘थोर साहित्यिक बाबुराव बागूल यांनी या कथेत दलितांच्या दुःखाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.’ त्या वाक्याखाली लाल रेघ आणि समासात तीनच शब्द, ‘तुमचे म्हणणे काय?’

खरे सांगायचे तर प्रथम आम्हास त्या प्राध्यापकांचाच राग आला. विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी चार पाने लिहिते आणि हे गृहस्थ तीन शब्दांत तिची बोळवण करतात! पण वही खाली ठेवता ठेवता जाणवले की असली वाक्ये आम्हीही पुस्तकांचा परिचय करून देताना कितीदा लिहिली आहेत. लेखकाचे नाव बदलावे, पुस्तकाचे नाव बदलावे, वाक्य तसेच्या तसे चालते. ‘फकिरा’ला चालते, ‘बलुतं’ला चालते, बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’लाही चालते. मग त्यात बागुलांच्या कथेचे असे काय राहिले? प्राध्यापकांनी विचारले ते योग्यच विचारले होते.

साहित्यकृतीवर निबंध लिहायचा तर आधी एक विधान हाती लागावे लागते. या कृतीबद्दल मला अमुक म्हणायचे आहे, आणि ते मी हिच्यातूनच दाखवून देईन, असे ते विधान. बाकीचा निबंध त्याच्या पाठीशी उभा राहतो. विधान आणि माहिती यांत आमच्या मुलांचा फार घोटाळा होतो. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले, ही माहिती झाली. तिला कोणी नाही म्हणू शकत नाही. ते का पराभूत झाले, हे विचारा. एकाच ओट्यावर बसलेली दोन वृद्ध माणसे दोन कारणे सांगतील आणि भांडतील. त्यातले एक कारण निवडून पुराव्यानिशी उभे केले की ते झाले म्हणणे.

आम्ही हे समजावीत होतो तेव्हा मुलीची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. ती मध्येच म्हणाली, “मंग मी त्या मुन्शीले सांगतलं तसंच होय ना?” गोष्ट अशी होती. विडी मोजून घेणाऱ्या माणसाने तिच्या विड्या छाटून बाजूला टाकल्या. खराब वळल्या म्हणाला. बाईने सांगितले, हात खराब नाही, तुम्ही दिलेले पान खराब. तो ऐकेना, तेव्हा तिने त्याच पुड्यातली उरलेली पाने त्याच्यासमोर पसरली, आणि शेजारणीने दुसऱ्या पुड्यातून वळलेल्या विड्या शेजारी ठेवल्या. सगळ्याच विड्या त्याने परत घेतल्या नाहीत, पण निम्म्या घेतल्या. ‘हात नाही, पान खराब’ हे तिचे विधान, पसरलेली पाने हा तिचा पुरावा. चार पानी निबंधात जे उतरले नव्हते ते त्या माउलीने शाळेत न जाता केले होते. मुलगी आईकडे पाहातच राहिली.

मग आम्ही वही बाजूला ठेवून तिला विचारले, कथा वाचताना तुला काय वाटले ते सांग, गाईडमधले नको. बराच वेळ ती गप्प. शेवटी हळूच म्हणाली, “तो जात लपवणारा मले भेकड वाटला जी. काशीनाथ आवडला.” आणि लगेच, “पण असं लिवता येते का? आपल्याच लेखकाच्या विरोधात होईल.”

ही भीती आमच्या घराघरांत आहे. आपल्या माणसांनी लिहिलेले, रक्त आटवून लिहिलेले, त्याला फक्त वंदन करावे असे आपल्याला वाटते. परंतु नुसत्या वंदनाने पुस्तक वाचले जात नाही. शिवाय कथेतले पात्र भेकड वाटले म्हणजे लेखकाचा अपमान होत नाही. कदाचित तसे वाटावे अशीच लेखकाची योजना असेल. आम्ही तिला म्हटले, हे तुझे म्हणणे झाले, आता कथेला विचार की तिला ते मान्य आहे काय.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६३ साली याच नावाच्या संग्रहात ती आली. निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधना येथे जातो. राहायला खोली हवी, तर खोलीआधी जात विचारली जाते. तो आपली जात सांगत नाही. काशीनाथ सकपाळही तिथेच कामाला येतो. तो मात्र काही लपवीत नाही. पुढे निवेदकाची जात उघड होते आणि त्याला बेदम मार बसतो. त्याला सोडवायला धावून येतो तो काशीनाथच.

मुलीने कथा पुन्हा काढली. पहिल्या वाचनात तिने शेवट घाईने वाचला होता. मार खाल्लेला निवेदक शेवटी जे बोलतो त्याचा अर्थ असा की, मारणारे हात या माणसांचे असले तरी मार मनूचा आहे. तिथे ती थबकली. भेकड माणूस असे बोलेल काय? “मंग माझं चुकलं,” ती म्हणाली. आम्ही म्हटले, चुकले नाही, पुढे सरकले. पहिले विधान पुराव्यासमोर टिकले नाही तर ते बदलावे. त्यात कमीपणा कसला? म्हणूनच पहिले विधान पेन्सिलीने लिहावे आणि कृती दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर शाईने.

तासाभराच्या खाडाखोडीनंतर तिने लिहिले ते असे : ‘काशीनाथ समोरच्या माणसांशी लढतो, तर निवेदक शेवटी त्या माणसांच्या मागे उभ्या असलेल्या मनूला ओळखतो, म्हणून या कथेत मार खाणारा माणूसच अधिक दूरचे पाहतो.’

यात ‘हृदयस्पर्शी’ नाही, ‘थोर’ नाही. पण या वाक्याला कोणी तरी नाही म्हणू शकतो. काशीनाथच खरा पुढचा माणूस, मार सोसून शहाणपण बोलणे ही पळवाट, असे म्हणणारे वाचकही निघतील. त्यांना उत्तर द्यायचे तर मुलीला खोलीचा प्रसंग, काशीनाथचे वागणे, शेवटचे बोलणे, सगळे धुंडाळावे लागेल. निबंध कशाने भरायचा हा प्रश्न मग उरत नाही. उलट ‘ही मराठीतील सर्वश्रेष्ठ कथा आहे’ असे लिहिले असते तर मराठीतल्या साऱ्या कथा वाचल्याशिवाय ते सिद्ध करता आले नसते, आणि ‘जातीने देशाचे वाटोळे केले’ हे खरे असले तरी ते सांगायला ही कथा उघडण्याची गरज नाही.

बाबासाहेबांचा निबंध आठवा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. जात वाईट आहे, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या, कुठे उणे पडते ते दाखवले आणि मग स्वतःचे म्हणणे मांडले : जातीचे सार म्हणजे जातीच्या आतच लग्न. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या साऱ्या चाली त्या एका म्हणण्याशी त्यांनी बांधून दाखवल्या. तो साहित्यावरचा निबंध नव्हे, पण म्हणणे कसे मांडावे हे त्यातून शिकावे. निबंध हाती आला तर मुलांना जरूर वाचायला द्या.

दया पवारांच्या ‘बलुतं’वर (१९७८) ज्यांना लिहायचे आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि हे दोघे एकच आहेत. लेखकाने स्वतःचे दोन का केले? लाजेमुळे? की शिकून नोकरीला लागलेल्याला आपलेच बालपण परक्याचे वाटू लागते म्हणून? कोणतेही एक धरा आणि पानोपानी शोधा.

आईबाप म्हणतात, आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय मदत करणार? दहावी-बारावीच्या मुलांना रसग्रहण लिहावे लागते, तेव्हा रात्री जेवताना दोनच गोष्टी विचारा : तुझे म्हणणे काय, आणि कशावरून? उत्तर तुम्हाला पटले नाही तर तसे सांगा. पोर चिडेल. चिडू द्या.

पंधरा दिवसांनी मुलगी विहारात भेटली. निबंध तिने नव्याने लिहून दिला होता आणि तो परत आला होता. वही पुढे करताना ती हसत होती. समासात या वेळी लाल शाईने लिहिले होते, ‘मला हे पटत नाही. काशीनाथच्या बाजूने मला बरेच बोलायचे आहे. बुधवारच्या तासाला पुस्तक घेऊन या.’